होळीपर्यंतचं ध्येयपत्र

शिक्षकाचं नवं वर्ष जूनमध्ये लागतं. जानेवारीत लागतं ते बाकीच्या जगाचं. तोवर आमचं अर्धं वर्ष सरलेलं असतं आणि संकल्प मोडायला वेगळी तारीख शोधावी लागत नाही.

त्या जूनमध्ये आसपासच्या शाळा मिळून होणाऱ्या आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख साहेबांनी आम्हा सगळ्या शिक्षकांच्या हातात एकेक छापील कागद ठेवला. कागदाला चारही बाजूंनी लग्नपत्रिकेसारखी वेलबुट्टी होती. वर ‘माझे ध्येयपत्र’, खाली डावीकडे ‘वैयक्तिक ध्येये’, उजवीकडे ‘व्यावसायिक ध्येये’ आणि तळाशी सहीसाठी ठिपक्यांची ओळ. साहेब म्हणाले की ध्येय लिहून भिंतीवर लावलं की ते अर्धं साध्य होतं. उरलेल्या अर्ध्याचं काय, असं मी विचारणार होतो, पण तेवढ्यात पोहे आले.

वैयक्तिक ध्येय त्या खोलीत जवळपास प्रत्येकाचं एकच होतं: बदली. ते कुणीही लिहिलं नाही. माझी बायको धुळ्याच्या एका शाळेत शिकवते आणि मी यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी. दर शनिवारी यावलच्या स्टँडवर उभं राहायचं आणि दर सोमवारी परत येऊन उतरायचं, हे माझं चौथं वर्ष होतं. तरी मी लिहिलं, ‘रोज पहाटे चालणे. वर्षात बारा पुस्तके वाचणे.’ आमच्या दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक, ज्यांना गाव आबा म्हणतं आणि म्हणून मीही म्हणतो, ते प्रामाणिक माणूस. त्यांनी ‘सुखरूप निवृत्ती’ असं लिहिलं. साहेबांनी ते खोडायला लावून तिथे ‘योगासने’ लिहून घेतलं.

व्यावसायिक ध्येयाचा नमुना ग्रुपवर आधीच आला होता: ‘माझ्या वर्गातील सर्व मुले वर्षअखेर शंभर टक्के अस्खलित वाचतील.’ बहुतेकांनी तो जसाच्या तसा उतरवला. मला भाषेची थोडी खोड आहे. सर्व म्हटल्यावर शंभर टक्के कशाला, आणि अस्खलित तर आमचे साहेबही वाचत नाहीत. मी काटछाट करून पाच शब्द ठेवले. ‘माझ्या वर्गातील सर्व मुले वाचतील.’ वाक्य नेटकं झालं म्हणून मी खूश होतो. ते खरं करायचं आहे, हा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवला नाही. फळ्याच्या उजव्या बाजूला मी कागद चिकटवला, त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अंगठे आले.

तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे. एकोणीस मुलं. त्यातली सोळा वाचत होती. काही झरझर, काही अडखळत. तीन वाचत नव्हती. दोन भाऊ होते आणि एक मुलगी. मुलगी शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या पाड्यावरची. घरी पावरी बोलणारी, आमच्या स्वयंपाकीण अक्कांशी अहिराणीत, आणि माझ्याशी बहुधा काहीच नाही. पुस्तकातली मराठी तिची तिसरी भाषा होती. अक्षरं तिला येत होती. पण दोन अक्षरं शेजारी आली की ती थांबायची आणि ओठ मिटून त्यांच्याकडे बघत राहायची, जणू ती आपण होऊन काही बोलतील.

दिवाळीच्या आधी तिचा बाप शाळेत आला. पाड्यावरची बरीचशी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीला इथे कुणी बाहेर राहत नाही. एरवी मुलीला तो तिच्या आत्याकडे ठेवून जायचा, या वर्षी सोबत नेणार होता. धाकटा दीड वर्षाचा होता, त्याला सांभाळायला कुणी हवं होतं. हे सांगायलाच तो आला होता. न सांगता नेणारे पुष्कळ असतात. हा सांगायला आला, म्हणून मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. वेलबुट्टीच्या कागदासमोर जाऊन उभा राहिला.

“हाऊ कागद कसाना शे, गुरुजी?”

त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. पहाटे चालणं आणि बारा पुस्तकं गाळली. पाच शब्द वाचले.

“बठ्ठा पोरे?”

“सगळी.”

“मनी आंडेर बी?”

आंडेर म्हणजे लेक. ती कोपऱ्यात पाटी धरून बसली होती आणि आमच्याकडे बघत नव्हती, म्हणजे ऐकत होती.

“तीही,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कागद माझ्याच हस्ताक्षरातला होता.

त्याने कागदाला बोट लावलं, देवाच्या तसबिरीला लावतात तसं नव्हे, रंग ओला आहे का बघावं तसं. “मंग राहू देस तिले फुईकडे,” म्हणाला. फुई म्हणजे तिची आत्या. धाकट्याचं काय, ते बघू म्हणाला आणि गेला.

तो कागद आमच्या केंद्रात लिहिला प्रत्येकाने आणि खरा मानला एकाच माणसाने. त्यालाही तो वाचता येत नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांचा निरोप आला: बुधवारी ध्येयपत्रांची पाहणी. सुरुवात माझ्या वर्गापासून, कारण माझं वाक्य त्यांना आवडलं होतं. केंद्रातले आणखी सात शिक्षक बघायला येणार होते. मुलांकडून वाचन घेतलं जाणार होतं, तेही साहेब बोट ठेवतील त्या मुलाकडून.

पाहणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी ठेवायची, ही आमच्यातली जुनी रीत आहे. तिला नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे ती पाळतो असं कुणी म्हणत नाही. कुणी कुणाला शिकवत नाही, तरी नव्या शिक्षकाला दुसऱ्या वर्षी ती येते. मूल रागावणार नाही अशा बेताने आदल्या दिवशी सांगायचं. ताप आहे का रे तुला? डोळे लाल दिसतात. उद्या आराम कर. मंगळवारी सुटीच्या वेळी मी त्या दोन भावांना बाजूला घेतलं. ते आनंदाने उड्या मारत गेले. मुलीला म्हणालो, “बाबा गावाला निघालेत ना? उद्या घरीच थांब. मदत कर.”

तिने मान हलवली. मग त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी फळा पुसायला लागलो. तो आधीच पुसलेला होता.

खोटं बोलत नाही: बदलीसाठी मी हे केलं नाही. बदली संगणक करतो आणि त्याला आमची पाहणी कळत नाही. आपला वर्ग आदर्श ठरावा, सात जणांनी मान डोलवावी, एवढ्यासाठीच केलं. ज्या गोष्टींना मी वर्षभर हसत होतो, त्यातली एक मलाही हवी होती.

बुधवारी साहेब अकराला आले. आबांनी नारळ आणि केळीचा एक अख्खा घड देऊन स्वागत केलं. हजेरीत तीन नावांपुढे गैरहजर होतं. साहेबांनी विचारलं, मी “आजारी” म्हणालो, आणि त्यांनी जास्त चौकशी केली नाही. चौकशी करू नये हेही त्याच रीतीत येतं. मग त्यांनी डोळे मिटून वर्गावर बोट फिरवलं आणि ते एका मुलावर थांबवलं. तो वाचला. दुसरी मुलगी वाचली. तिसरा तर थांबतच नव्हता, त्याला थांबवावं लागलं. सातही जणांनी मान डोलवली. साहेबांनी माझ्या ध्येयपत्राच्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली आणि “नोव्हेंबरातच साध्य” असं वर लिहिलं.

दुपारी मुलं जेवायला बसली. आमच्या अक्का खिचडी वाढत होत्या. माझ्याजवळ आल्या तेव्हा पातेल्यात बघतच म्हणाल्या, “गुरुजी, ती पोर गाडीवर बसनी. म्हाईत शे का तुमले?”

“कोणती पोर?”

“तुमनी. पाड्यावरनी. बाप म्हने, शाळानीच सांगं येऊ नको. मंग फुईकडे ठेईसन काय कराव? चालनी सोबत.”

“गाडी गेली?”

“फाट्यावर शे अजून. मानसं गोया व्हई ऱ्हायनात.” आणि पुढच्या ताटाकडे सरकल्या. पुढे जाऊन मग वळल्या. “दोन वाजता निघस म्हने.”

दीड वाजून गेला होता.

मी साहेबांकडे गेलो तर जेवणं आटोपून कार्यक्रमाचा दुसरा भाग सुरू होत होता. प्रत्येक शिक्षकाने आपलं ध्येयपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचायचं आणि मग हात पुढे करून एकत्र शपथ. सुरुवात अर्थातच माझ्यापासून. मी म्हणालो, “साहेब, मला दहा मिनिटं जाऊन यायचंय.”

“वाचा आणि मग जा ना, सर. पाच शब्द तर आहेत.”

मी कागदासमोर उभा राहिलो. मोबाईल वर झाले. आबा माझ्याकडे बघत होते. अक्का जे बोलल्या ते त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी घड्याळ पुढे करून मनगट खाजवल्यासारखं केलं. मी सुरुवात केली. “माझ्या वर्गातील सर्व…” आणि फाट्याकडून टेम्पोचा हॉर्न आला. लांबलचक, माणसं बोलवायचा.

चौथा शब्द मला म्हणता आला नाही. त्यात काही थोर नव्हतं. सात जण आपल्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मी दाराकडे बघायला लागलो.

“आलोच,” म्हणून मी बाहेर पडलो. मागून साहेब म्हणाले, “अहो, फोटो राहिलाय.”

फाटा शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. पळत किती, ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पहाटे चालण्याचं ध्येय पाळलं असतं तर थोडं आधी पोचलो असतो. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, घडांवर निळ्या पिशव्या चढवलेल्या, आणि मध्ये धुळीचा रस्ता. दुसरा हॉर्न वाजला तेव्हा मी अर्ध्यावर होतो. वळणावरून टेम्पो दिसला. फाळका लावून झाला होता आणि ड्रायव्हर टायरला लाथ मारून बघत होता.

टेम्पोत वीसेक माणसं, भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या. मुलगी फाळक्याशी बसली होती. मांडीवर धाकटा भाऊ. मला बघून तिने त्याचं डोकं फडक्याने झाकलं, उन्हासाठी की काय.

“गुरुजी, तुम्हीबी चाला,” एक बाई वरून म्हणाली. “जागा शे.” सगळे हसले. तिचा बाप हसला नाही. तो खाली उतरला.

“भाऊ, तिला कशाला नेताय?” मी धापा टाकत विचारलं. “ठेवणार होता ना?”

“तुम्हीच सांगं ना तिले, येऊ नको म्हनीसन.”

“एका दिवसासाठी सांगितलं होतं.”

“कसाले?”

वीस माणसं वाकून ऐकत होती. कोंबड्यासुद्धा. मला तीन उत्तरं सुचली आणि तिन्ही ताप आणि लाल डोळे यांच्याच जातीची होती.

“साहेब येणार होते,” मी म्हणालो. “तिला अजून वाचता येत नाही. म्हणून.”

“मंग लाज वाटनी.” तो रागावला नव्हता, हिशेब जुळवावा तसं म्हणाला. “कोनी? तिनी का तुमनी?”

“माझी.”

त्याने मान हलवली. “कागदवर बठ्ठा लिखेल शे. तुम्हीच वाचं माले. मंग हाई बठ्ठास्मा नही शे का?”

ती त्या सगळ्यांत आहे की नाही, एवढंच तो विचारत होता. मी “आहे” म्हणालो. तो म्हणाला, आहे म्हणून चालायचं नाही. साहेब अजून शाळेत आहे ना? मग तिला त्याच्यासमोर उभी करा. आज. तुम्ही कराल तर ती इथे राहील, नाहीतर गाडीत जागा आहेच.

“ती वाचू शकणार नाही,” मी म्हणालो.

“ते माले म्हाईत शे.”

ड्रायव्हर म्हणाला, “पंधरा मिनिटं, भाऊ. मंग मी निघी जासू.” मुलीने धाकट्याला आईकडे दिलं आणि फाळक्यावरून उडी मारली. तिच्या पायात आईच्या चपला होत्या, त्या तिने टेम्पोतच सोडल्या.

आम्ही तिघं परत निघालो. आता माघार घेता येईल का, हे मी त्या रस्त्यावर तीन वेळा ठरवून पाहिलं. साहेब निघून गेले असतील तर बरं, असंही एकदा मनात आलं. साहेबांची मोटारसायकल झाडाखाली उभी होती.

वर्गात शपथ संपून सगळे फोटोसाठी उभे राहिले होते. सोळा मुलं मांडी घालून पुढे. आम्ही दारात आलो.

“ही कोण?” साहेब म्हणाले.

“आमच्याच वर्गातली. सकाळी आजारी म्हणालो त्यातली. आजारी नव्हती. मीच येऊ नको म्हणालो होतो.”

सातही शिक्षकांनी एकदम छताकडे पाहिलं. पंखा बंद होता. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं होती आणि ते मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. आबांनी मात्र खाली वाकून पुढच्या रांगेतल्या दोन मुलांना बाजूला सारलं आणि वाट करून दिली.

बापाने कागदाकडे बोट दाखवलं. मुलगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तळहात फ्रॉकला पुसले आणि पाच शब्दांकडे बघायला लागली. नेहमीसारखे ओठ मिटलेले. साहेबांनी मनगटावर नजर टाकली. फाट्यावरून हॉर्न आला.

“मा,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. “झ्या.” मग दोन्ही जोडून, स्वतःशीच, “माझ्या.”

पुढचा शब्द मोठा होता. त्यावर रफार होता. मी तो शब्द निवडला तेव्हा या मुलीचा विचार केला असता तर ‘वर्गातील’च्या जागी सोपं काही लिहिलं असतं. ती थांबली. एका मुलाने हळूच सांगायला तोंड उघडलं, आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“राहू द्या, सर,” साहेब म्हणाले. “तिला कशाला त्रास? पुढच्या वेळी बघू.”

“थांबा, सायेब,” बाप म्हणाला. “ती लावी ऱ्हायनी.”

ती खरंच अक्षराला अक्षर लावत होती. “व.” पुन्हा “व.” पाय बदलला. “र्गा.” आणि मग, बाकीचं एकदम घरंगळल्यासारखं, “वर्गातील.”

तिसऱ्या शब्दावर ती अडली ती अडलीच. ‘सर्व’ तिला निघेना. हॉर्न परत आला, या वेळी तुटक तुटक. बापाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“दोन झायात,” मला म्हणाला. “तीन बाकी शेतस. होयीले येस मी.”

होळीला. एवढं बोलून तो पळत निघाला. मुलगी दारापर्यंत गेली, परत आली आणि आपल्या जागी बसली. फोटो झाला नाही.

साहेबांनी निघताना हिरव्या पेनाने केलेली खूण हिरव्याच पेनाने गिरगटून टाकली. ‘नोव्हेंबरातच साध्य’ मात्र खोडायचं विसरले. आठ दिवसांत माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. आबा म्हणाले, “‘अनवधानाने’ असा शब्द घाल. त्यात सगळं बसतं.” मी तो घातला नाही, जे झालं ते चार ओळींत लिहिलं. त्यावर काहीच झालं नाही. तो फाईलमध्ये गेला असणार, आणि आमच्या फाईलमधून आजवर काही बाहेर आलेलं नाही. पुढच्या परिषदेत दुसऱ्या शाळेचं ध्येयपत्र वाचून दाखवण्यात आलं. बदलीच्या यादीत माझं नाव आलं नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही, पण बायकोला हे पटवायला मला दोन शनिवार लागले.

होळीपर्यंत मी काय केलं, ते सांगण्यासारखं नाही. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. पावरी शब्द अक्कांमार्फत तिच्या आत्याला विचारून वहीत लिहायचे, ते तिला वाचायला द्यायचे. स्वतःचे शब्द दिसले की तिचे ओठ लवकर उघडायचे. काही दिवस नुसते वाया गेले. जानेवारीत तिला आठवडाभर खराच ताप आला आणि मी तीनदा पाड्यावर जाऊन खात्री करून आलो; आत्याने तिसऱ्या वेळी दारातूनच सांगितलं, “खरंच शे, गुरुजी, हात लाई दखा.”

होळीच्या चार दिवस आधी टेम्पो परतला. दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला, रापलेला, तळहाताला चिंधी बांधलेली. खुर्ची दिली, बसला नाही. कागदासमोर उभा राहिला. वेलबुट्टीचा रंग उडाला होता आणि खालचा कोपरा सुटून वळला होता. मुलगी न सांगता उठली. ‘माझ्या’, ‘वर्गातील’. ‘सर्व’ला थोडी थांबली. ‘मुले.’ ‘वाचतील.’ एकेक शब्द ती विहिरीतून काढल्यासारखा काढत होती, अस्खलित कुणीही म्हटलं नसतं. पण पाचही झाले. बापाचं बोट तिच्याबरोबर शब्दाशब्दावरून सरकत होतं, एक शब्द मागे.

मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार. मी तयारही झालो होतो.

“आते बठ्ठा वाचतस का?” त्याने विचारलं.

ते दोघे भाऊ खिडकीशी बसून एकमेकांना चिमटे काढत होते.

“नाही,” मी म्हणालो. “दोन राहिलेत.”

त्याने वळलेला कोपरा अंगठ्याने दाबून भिंतीला सपाट केला. तो पुन्हा वळला.

“मंग कागद ऱ्हाऊ द्या,” म्हणाला.

जूनमध्ये नवा कागद आला, या वर्षी सोनेरी काठाचा. मी तो भरून, सही करून साहेबांना दिला. भिंतीवर जुनाच आहे.